शुक्रवारचं तेल

गोजराबाई प्रार्थनेला बसताना कुकर चढवायच्या, म्हणजे शिट्ट्यांत त्यांचं पुटपुटणं बुडून जाई. कुणी आभार मानायला लागलं की त्यांना एकदम बाजारातलं काहीतरी आणायचं आठवे. भजनाला सगळ्यांत मागे बसत. कुणाच्या घरी काही देऊन आल्या तर डबा परत मागत नसत. आणि शुक्रवारी डोक्याला तेल चोपडून, चापूनचोपून अंबाडा घालत. वर अबोलीचा गजरा.

वैदेहीला तो गजरा फार आवडायचा. ती नेरूळच्या त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. मराठी घेऊन बी.ए. झाली होती आणि नोकरी मिळत नव्हती. गोजराबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून दुपारी ती त्यांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची. तिच्या आईचं काही म्हणणं नव्हतं. वाचून कुणी बाटत नाही, एवढंच ती म्हणायची.

१९९६चा मार्च. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ चालू होता. चर्चच्या भगिनी मंडळाची बैठक गोजराबाईंच्या घरी होती. वैदेही चहाला हातभार लावत होती.

"शुक्रवार कोण कोण धरतंय? हात वर करा बघू," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

सगळे हात वर गेले. गोजराबाई चहा गाळत राहिल्या.

"गोजराबाई, तुमचं काय?"

"साखर कमी घालू का तुम्हाला?"

"त्यांचा शुक्रवार तेलफणीचा!" मागून कुणीतरी म्हणालं. "उपासकाळात पण बाईंची नटायची हौस भागंना."

बायका हसल्या. गोजराबाईपण हसल्या. त्यांची सून अरुणा मात्र खाली बघत बसली. अरुणा नर्स होती, मंडळाची चिटणीसही होती. बायका गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, चार जणींत हात वर केला असता तर काय झिजला असता? मान खाली घालावी लागते मला."

"हातात गाळणी होती गं," गोजराबाई म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी वैदेहीला त्या जवळच्या सारसोळे गावाच्या वाटेवर दिसल्या. हातात डबा, डोक्यावर गजरा. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओठ पांढरे पडले होते, मानेवरून घाम निथळत होता.

वैदेहीने पर्समधून चॉकलेट काढलं. "मावशी, तोंडात टाका आधी."

"आज नको."

"का नको?"

गोजराबाईंनी पदराने मान पुसली. वैदेहीने गजऱ्याकडे पाहिलं. चारच दिवसांपूर्वी तिनेच वाचून दाखवलं होतं: उपास करायचा तर तोंड धुवावं, तेल लावावं, लोकांना कळू देऊ नये.

"मावशी, डायबेटिसची गोळी घेतलीत सकाळी?"

"अरुणा समोर उभी राहून देते. ड्युटीला जायच्या आधी."

"गोळी घेऊन उपाशी? अहो, जीव जाईल! नाही म्हणून सांगा तिला."

"का नाही, असं विचारेल ना. खोटं कसं बोलू? आणि खरं सांगितलं तर मंडळात सांगेल. हौसेनं सांगेल बिचारी. मग माझा उपास तिचा होईल."

डब्यात त्यांच्या वाटणीचं जेवण होतं. सारसोळ्यातली काशी पूर्वी बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन यायची. अर्धांगवायूने ती आता खाटेवर होती. गोजराबाई शुक्रवारी तिला जेवू घालत आणि तिचे केस विंचरत.

"कुणाला बोलू नकोस."

"शपथ."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. नुसतं हो म्हण."

वैदेही हो म्हणाली. म्हणाली आणि अडकली. आठवडाभर तिला घास गोड लागेना. सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर? जिन्यात अरुणा भेटली की ती चपलेचा बंद बघत बसायची. अरुणाने विचारलंसुद्धा, "काय गं, टेन्शनमध्ये दिसतेस?"

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिने खालचं दार वाजताना ऐकलं. अरुणा कामाला निघाली होती. वैदेही खिडकीशी उभी राहिली. दुपारी गजरा माळलेलं डोकं कोपऱ्यावरून वळलं, तशी तिने धावत जाऊन बूथवरून अरुणाच्या वॉर्डला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं.

अरुणा म्हणाली, "मी रोज स्वतःच्या हाताने गोळी देते गं."

दोघी सारसोळ्यात पोचल्या तेव्हा काशीच्या उंबऱ्याशी माणसं जमली होती. रिक्षात अरुणाने गोजराबाईंच्या तोंडात साखर घातली, गाल चोळले, हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांनी अरुणाला दोन शब्द बोलायला सांगितलं. मंडळाच्या बायका पुढेच उभ्या होत्या. अरुणाने एकेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्यांना तेल लावायची फार आवड होती." आणि मागे सरली. कुणीतरी पदराआड हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी वैदेही डबा घेऊन काशीकडे गेली. काशी खाटेवर भिंतीकडे बघत पडली होती. उशाशी तेलाची बाटली होती.

"बोलली, जरा टेकतंय, मंग ती बाजू घेतंय," काशी म्हणाली. "उटलीच नाय गो."

तिच्या डोक्याची उजवी बाजू तेल लावून नीट विंचरलेली होती. डाव्या बाजूला सगळा गुंता होता आणि त्यात फणी तशीच अडकलेली होती.