डबीवाली आणि माझी वाकडी रेघ

आमच्या हिला अख्खी गल्ली डबीवाली म्हणते. म्हणू देत. बायको आरोग्य केंद्रात कामाला, घरोघर जाते, चाळिशी उलटलेल्यांना गाठते आणि पिशवीतून काडेपेटीएवढी डबी काढते. डबीवर धातूच्या दोन चकत्या. त्यांवर दोन्ही अंगठे टेकवायचे, अर्धं मिनिट गप्प बसायचं, की हिच्या मोबाइलवर तुमच्या काळजाची रेघ उमटायला लागते. ना वायर, ना सुई! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क हात जोडले होते. आपलं काळीज आपल्याला कधी दिसलंय का हो? आत आपलं आपलं चालू असतं आणि आपण बाहेर गिऱ्हाइकांशी भांडत बसतो.

ही या कामात पडली ती तिच्या वडिलांमुळे. सासरे धडधाकट माणूस, गल्ली दणाणून सोडणारा आवाज. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, ठोके कित्येक दिवसांपासून वेडेवाकडे पडत असणार, त्यातून गुठळी झाली, ती मेंदूत गेली. वेळेवर कळलं असतं तर साधी गोळी पुरली असती. तेव्हापासून ही वाकडी रेघ शोधत दारोदार फिरते.

पण लोक कसले बिलंदर! अंगठा म्हटलं की पाय मागे. आमच्या गल्लीतला लोहार तर तोंडावर म्हणाला, "वहिनी, माझ्या आज्याचा असाच एका कागदावर अंगठा घेतला होता. घर गेलं आमचं. तुमची डबी तुमच्यापाशीच ठेवा." समजावून समजावून हिच्या नाकी नऊ आले.

मग हिनं शक्कल काढली. मी शिंपी, सगळे मास्तर म्हणतात, दुकान गल्लीच्या तोंडाशी. जो आढेवेढे घेईल त्याला ती दुकानात आणायची आणि मला म्हणायची, "अहो, दाखवा बरं यांना." मी हातातलं कापड सोडायचो, मशीनच्या टेबलावर कोपरं टेकवून अंगठे लावायचो. मशीनची मोटार दिवसभर चालूच असते, शिवा किंवा नका शिवू, टेबल आपलं थरथरतंय. त्यामुळे माझी रेघ भलतीच यायची आणि मोबाइल म्हणायचा, नोंद अस्पष्ट. ही हसून पुसून टाकायची. "यांचं सोडा हो, मशीनची थरथर आहे ती. तुम्ही बसा." समोरचा बघायचा, मास्तरांचं घर काही गेलेलं नाही, आणि अंगठे टेकवायचा.

घरी आल्यावर म्हणायची, "एकदा नीट बसा ना." मी म्हणायचो, "दिवसभर तेच तर करतोय. आता जेवू दे की!"

त्या दिवशी लोहार पँटची शिवण उसवली म्हणून आला होता. हिनं त्याला बरोब्बर पकडला. "तुम्ही नका लावू अंगठा. यांचा तरी बघा." तेवढ्यात वीज गेली. मोटार घरघरत थांबली, दुकान एकदम शांत झालं. मी सवयीनं अंगठे टेकवले. तिघंही मोबाइलवर वाकलो.

रेघ निघाली. दोन ठोके लगोलग, मग मोकळी जागा, मग एक, मग तीन घाईघाईनं. नवशिक्यानं घातलेल्या टाक्यांसारखी. ही सवयीनं म्हणाली, "मशीनची थरथर आहे हो ती."

लोहार म्हणाला, "वहिनी, मशीन तर बंद आहे."

हिचा चेहरा पांढराफटक पडला. "परत लावा," म्हणाली. परत तेच. मी नेहमीसारखी थट्टा करायला गेलो, "तुला बघून धडधडतंय गं," पण ती हसली नाही. तिनं बोट दाबून रेघ पाठवली. रेघा तपासायला कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई, ना त्यांनी मला पाहिलेलं, ना मी त्यांना. टेबलावरचा चहा निवायच्या आत त्यांचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." खरं सांगतो, भीतीच्या आधी मला नवलच वाटलं. माझ्या छातीतलं माझ्या बायकोनं पकडलं आणि एवढ्या लांब बसलेल्या बाईला दिसलं. मला मात्र साधी धाप लागली नव्हती.

दवाखान्यात मोठ्या मशीननं तेच सांगितलं. गुठळी अजून झालेली नव्हती. ती होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. बाहेरच्या बाकावर ही इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसली होती, ती एकदम रडायला लागली. "बाबांची रेघ मी कधी पाहिलीच नव्हती हो," म्हणाली, "तुमची तर रोज बघत होते. रोज पुसत होते."  मी नुसता तिचा हात धरून बसलो.

घरी आलो तर लोहार दुकानाच्या पायरीवर बसलेला. अंगठे पुढे करून म्हणाला, "वहिनी, घ्या. घर गेलं तर बघू." त्याची रेघ सरळ निघाली, लेकाची!

आता रोज सकाळी दुकान उघडलं की मी मोटार सुरू करायच्या आधी ही समोर उभी राहते. मी अंगठे टेकवतो. ती रेघेकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई मला अशी कधी दिसली नव्हती. रेघ अजून थोडी वाकडीच आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात चालेल, गोळी चुकवू नका. मग ही डबी पिशवीत टाकते आणि दारातून वळून म्हणते, "काहीतरी बोला."

मी काहीही बोलतो. कॉलर उलटी लागली म्हणतो, दोरा संपला म्हणतो, चहात साखर कमी होती म्हणतो. ती दारात उभी राहून सगळं ऐकून घेते, जीभ कुठं अडखळत नाही ना ते बघते आणि मगच कामाला जाते.