जाण्याची तारीख टाका

खर्रा खाऊन वॉश बेसिनमध्ये थुंकणाऱ्या माणसांची मला किळस येते. तीन वर्षं ती लाल थुंकी मीच घासते आहे, तेव्हा हे म्हणायचा मला पुरेपूर अधिकार आहे. पण त्याहून जास्त किळस मला एका सॉफ्टवेअरची आली, आणि ते मीच पारखून, भांडून, चार जणांना फोनवर झापून घरात आणलं होतं.

शेलूबाजारच्या अलीकडे, शेताला लागून आमचं घर आहे. मोठा रस्ता झाला तशी गाड्यांची वर्दळ वाढली. लांबून गाडी हाकत आलेली, मुक्कामाला जागा शोधणारी माणसं, शिरपूर जैनला आणि कारंज्याला दर्शनाला निघालेली कुटुंबं. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. वरच्या दोन खोल्यांना रंग दिला, गाद्या आणल्या, फोटो काढले आणि तीन बुकिंग साइटवर चढवून मोकळी झाले. खाली, अंगणाकडची तिसरी खोली मुलीची. ती लग्न होऊन कारंज्याला गेली होती. पुढे तीही चढवली.

घरधन्यांना ते मुळीच पटलं नाही.

"पोरीची खोली भाड्यानं देतं का कोनी?"

"ती आली का बंद करू," मी म्हटलं. "तवरोक काय उंदरं पोसाचे तिथं?"

मुलीला मी फोन करून सांगितलं, तुही खोली तुहीच हाये, तू आली का तिथं दुसरं कोनी दिसनार नाई. ती "बरं" म्हणाली. आमची मुलगी भांडत नाही, ही तिची फार वाईट खोड आहे. भांडली असती तर मला वेळीच कळलं असतं.

पाहुण्यांबद्दल काय सांगू? "शेतावरचं शांत घर" असं वाचून येतात आणि जाताना लिहून ठेवतात, शेणाचा वास येतो. शेतावर काय अत्तराचा यायला हवा? चादरीला रस्सा पुसतात. नळ चालू सोडून जेवायला जातात. बाई असो की बाप्या, मोरीच्या जाळीत केसांचा गोळा ठेवल्याशिवाय कोणी निघत नाही. तरी पोटाला चिमटा न घेता चार पैसे येत होते, म्हणून मी नाक दाबून सगळं काढत होते.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात. मुलगी पिशवी घेऊन अंगणात आली तेव्हा तिच्या खोलीत एक जोडपं होतं. तिच्या पलंगावर कोणीतरी लोळत होतं आणि शाळेत धावण्याच्या शर्यतीत तिला मिळालेल्या ढालीवर ओला टॉवेल वाळत घातला होता. मी दोन साइटवर खोली बंद केली होती, तिसरीवर विसरले होते. तिसरीनं आदल्या दिवशी ती देऊन टाकली. मुलगी तीन रात्री बैठकीत माझ्याजवळ झोपली. चौथ्या दिवशी मुकाट्यानं निघून गेली.

मला रात्रंदिवस तो टॉवेल दिसायचा. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं. तेव्हा कोणीतरी सांगितलं की यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. सगळ्या साइटचं एकच कॅलेंडर. एका ठिकाणी खोली गेली की बाकीच्या ठिकाणी ती आपोआप बंद. एका जागी बंद केली की सगळीकडे बंद. मुलीच्या खोलीला असंच कुलूप मला हवं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर परदेशातलं. तिथे माणूसच नव्हता. एक यंत्र गोड गोड लिहून विचारायचं, तुमच्याकडे किती मालमत्ता आहेत? मी तीन खोल्या लिहिलं. त्यानं "छान!" म्हटलं आणि पुन्हा विचारलं, किती मालमत्ता? पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला जे लिहिलं ते चाळीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या विद्यार्थ्यालाही बोलले नव्हते. त्यावरही ते "छान!"च म्हणालं.

दुसऱ्याचे एक गृहस्थ व्हिडिओवर आले. दर वाक्याला "मॅम". आमच्या खोल्यांना ते "इन्व्हेंटरी" म्हणत.

"खोल्या म्हणा," मी म्हटलं.

"येस मॅम, तुमची इन्व्हेंटरी..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काम अडलेलं. मी त्यांना म्हटलं, बोलणं पुरे, करून दाखवा. एका साइटवर एक तारीख बंद करा, मी दुसरीवर बघते. त्यांनी केली. मी चहा ठेवला, प्यायले, कप विसळला, गायीला पाणी दाखवून आले, तारीख तिकडे उघडीच. चाळीस मिनिटांनी बंद झाली. गृहस्थ म्हणाले, मॅम, थोडा डिले असतो, नॉर्मल आहे. चाळीस मिनिटांत माणूस शेलूबाजारहून वाशीमला पोचतो. एवढ्या वेळात माझ्या मुलीच्या पलंगावर दहा जण लोळून जातील. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तिसरं मात्र चोख निघालं. एक फोन माझ्या हातात, एक घरधन्यांच्या. मी "दाबा" म्हणायचं आणि त्यांनी दाबायचं.

"दबत नाई हे," ते म्हणाले. "माह्या बोटाले माती हाये."

"मंग पुसा ना!"

त्यांनी बोट धोतराला पुसून दाबलं आणि माझ्या हातातली तारीख लगेच करडी, म्हणजे बंद, झाली. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा झाली. मी इतकी खूश झाले की त्याच दिवशी वर्षभराचं घेऊन टाकलं.

त्यात आणखी एक सोय होती. पाहुण्यांना निरोप आपोआप जायचे. आदल्या संध्याकाळी निघण्याचा, निघाल्यावर आभाराचा. तयार निरोप होते, पण ते भाषांतर करून बिघडवलेले, "आपल्या अविस्मरणीय वास्तव्याची सांगता" वगैरे. ते वाचूनच ओकारी आली. मी स्वतः लिहून काढला, फळ्यावर लिहावा तसा:

"उद्या सकाळी अकराच्या आत खोली रिकामी करावी. खोली पुढे दुसऱ्यांना दिलेली आहे. स्वतःचं सामान नीट पाहून न्यावं, मागाहून तक्रार चालणार नाही. चाबी दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवावी."

खर्रेवाल्यांसाठी तो अगदी योग्य होता. मला त्याचा अभिमानही वाटला होता.

पुढे मुलीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. ती यायच्या आधी मी तिची खोली बंद करायला बसले, तर साइटवर सूचना, इतके दिवस खोली बंद ठेवली तर आमच्या सगळ्याच खोल्या यादीत मागे जातील. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे मॅम, बंद करूच नका. कोणाचं तरी बुकिंग टाका, शून्य रुपयांचं. खोली भरलेली दिसेल.

मला ते फार हुशारीचं वाटलं. मी मुलीचं नाव टाकलं. फोन नंबर टाकल्याशिवाय पुढे जाईना, तिचाच टाकला. येण्याची तारीख टाकली. मग लाल अक्षरं आली, जाण्याची तारीख टाका. मी तशीच पुढे जायला बघितलं, तर जाऊ देईना. मी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेत सव्वा महिना मिळवला आणि आकडा ठोकून दिला. कणकेचे हात होते, पोळ्या व्हायच्या होत्या. इतकंच आठवतं.

मुलगी आली. तिच्या खोलीत ती एकटीच होती, पलंग तिचा, ढाल पुसलेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाळ बारा दिवस उशिरा आलं, मुलगी झाली. वजन कमी. डॉक्टर म्हणाले, हळूहळू भरेल, आईला आराम द्या. मी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेल-मालीश सगळं केलं, आणि वरच्या खोल्याही चालू ठेवल्या.

एका दुपारी मी वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याशी फोनवर हुज्जत घालत होते. त्याला गरम पाणी हवं होतं, आणि आत्ताच हवं होतं. मुलगी दारात आली, बाळ खांद्यावर.

"आई, सव्वा महिन्यानंतरबी थोडी राहू का? हिचं वजन भरेपर्यंत?"

मी फोनवर हात ठेवला. "पाहू," म्हटलं, आणि पुन्हा गरम पाण्याकडे वळले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी, मी वरचं बेसिन घासत होते. आदल्या रात्रीच्या चौघांनी ते असं करून ठेवलं होतं की पाहवत नव्हतं. अर्धा तास घासलं. खाली आले तर अंगणाकडची खोली झाडलेली. गोधड्यांची घडी. बाळाचं दुपटं दोरीवर नाही. चाबी खिळ्याला.

तरी मला कळलं नाही. वाटलं, डॉक्टरकडे गेली की काय. मग शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "पोरगी जीपकडे गेली ना तुमची. एवढ्याशा लेकराले घेऊन काहून पाठोली ओ?"

मी तशीच पळाले. एका हातात रबरी मोजा तसाच. फाट्यावर कारंज्याची जीप उभी होती, भरायची होती म्हणून सुटली नव्हती. मागच्या बाकावर मुलगी बसली होती, पदराखाली बाळ. अठ्ठावीस दिवसांचं. सव्वा महिन्याच्या आत आमच्याकडे बाळंतीण उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही.

"कुठी चालली?" मी ओरडले.

"घरी."

"काहून? कोन काय बोललं तुले?"

तिनं फोन माझ्यापुढे धरला. माझंच वाक्य. उद्या सकाळी अकराच्या आत खोली रिकामी करावी. खोली पुढे दुसऱ्यांना दिलेली आहे.

"मी नाई पाठोलं वं हे," मी म्हटलं. "मशीननं पाठोलं."

"तूच लिहिलं ना पण? आपल्या दाराचा खिळा मशीनले काय मालूम?"

जीपमधली माणसं ऐकत होती. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी विचारलं तवा तू पाहू म्हनली. मले वाटलं, तोंडानं सांगाले जड गेलं असन तुले."

मी तिची पिशवी ओढली आणि बाळाला घेतलं. ती उतरली. माझ्या शब्दावर विश्वास बसून उतरली, की चारचौघांत माझी शोभा नको म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मॅम, सिस्टमनं बरोबरच केलं. त्या गेस्टचा चेक-आउट होता." बाळाचे उशिराचे बारा दिवस मी ठोकलेल्या आकड्यात नव्हतेच. मी फोन आपटला. संध्याकाळी मुलगी बाळाला शेक देत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्याकडे राहिल्याबद्दल आभार, मुक्काम कसा झाला ते कळवा, पाच तारे द्यावेत. हेही मीच लिहिलेलं. घरधन्यांनी ते वाचलं, आणि मला म्हणाले, "तननाशक मारतानाबी मानूस पाह्यते, पीक कोनतं अन् तन कोनतं." त्यानंतर दोन दिवस त्यांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं. बरोबरच केलं.

मुलगी सव्वा महिना पुरा होताच गेली. मी राहा म्हटलं, हाताला धरून म्हटलं. "पाहू" म्हणाली.

मी तिची खोली तिन्ही साइटवरून काढून टाकली. निरोप पुसून टाकले. सॉफ्टवेअर मात्र ठेवलं. वरच्या दोन खोल्यांचं काम ते चोख करतं, आणि वर्षभराचं घेतलेलं. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

परवा मुलीचा फोन आला. बाळ आता रांगतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, दिवाळीत कोनत्या तारखा खाली हायेत?"

"थांब," मी म्हटलं, आणि कॅलेंडर उघडलं. तिची खोली त्यात नाहीच, हे माझ्या ध्यानात येण्याआधी पलीकडून तिचा आवाज आला.

"पाह्य निवांत, आई. काही घाई नाई."