कासवांचं नामस्मरण

थळच्या खत कारखान्यातली नोकरी संपवून बाबा गावी परतले, तेव्हा त्यांच्यापाशी वेळ खूप आणि रेडिओ एकच होता. आमचं गाव बोर्ली पंचतनपासून फार लांब नाही. गावात करमणूक म्हणावी तर बाजाराचा दिवस. बाबांना बाजाराचा कंटाळा. ते पहाटे पाचला उठत, रेडिओ लावत, दुपारी टीव्हीवर प्राणी बघत आणि संध्याकाळी शेतीचे कार्यक्रम ऐकत. आमच्याकडे शेत म्हणजे परसातल्या नऊ सुपाऱ्या. तरी ते सगळं मन लावून ऐकायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

मग गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी रोज रात्री उद्याच्या शिफारसी पाठवायला सुरुवात केली. तीनच असत: एक निसर्गाची, एक भक्तीची, एक शेतीवाडीची. प्रत्येकीखाली शेरा असे. ‘बुवांचा आवाज बसका आहे, पण विषय सोडत नाहीत.’ ‘हत्तींवरील माहितीपट. शेवटी एक हत्ती मरतो, जेवताना पाहू नये.’ ‘भातावरील करपा. तज्ज्ञ फार घाईत बोलतात.’ खाली अंगठे येत, जोडलेले हात येत. बाबा झोपण्यापूर्वी ते मोजत आणि समाधानाने दिवा मालवत.

मी माणगावला शाळेत शिकवते आणि शनिवारी घरी येते. एका शनिवारी आई भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, की गावात कुणीही यातलं काही ऐकत नाही. बाबा ओटीवर होते, त्यांच्या कानावर ते गेलं. त्यांना ते पटलं नाही. रोज पंचवीस माणसं अंगठा उगीच कशाला दाखवतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आईवर चिडून त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्या रात्रीची शिफारस त्यांनी माझ्यासमोर बसून, अगदी गंभीरपणे टाइप केली:

‘सकाळी सव्वासहा. समुद्री कासवं आणि नामस्मरण. एक श्रवणीय संवाद. मध्ये सुपारीच्या खतांविषयी सल्ला. अवश्य ऐका.’

असा कार्यक्रम जगात कुठेही नव्हता. अंगठे एकोणतीस आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मुद्दाम गावातून चक्कर मारून आले. मीही त्यांच्याबरोबर गेले होते, म्हणून सांगते. शेजारच्या काकी अंगण झाडत होत्या. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की कार्यक्रम फार छान झाला, बाईंचा आवाज किती गोड. देवळाच्या गुरवाला संवाद आवडला होता, फक्त खताचा भाग त्याला जरा लांबल्यासारखा वाटला. आणि निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसत सांगितलं, की हा त्यांनी पूर्वीच ऐकला होता, आज पुनःप्रक्षेपण होतं.

बाबा घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. आईला वाटलं होतं आपण जिंकलो, पण त्यांचा चेहरा बघून तिने चहा पुढे केला.

“लोकांना तुमचं मन मोडवत न्हाय, एवढंच,” ती म्हणाली.

बाबांना दुःख त्याचं नव्हतंच. आपण खोटं बोललो, हे त्यांना खात होतं. आयुष्यभर कारखान्यात गोणीचं वजन छटाकभर इकडेतिकडे होऊ न देणारा माणूस, आणि त्याने अख्ख्या गावाला खोटी कासवं दिली. त्यातच काकींचा निरोप आला: पुढचा भाग कधी आहे? बाबा उठले. म्हणाले, कार्यक्रम नसला तर तो झाला पाहिजे.

आठवडाभर त्यांनी वाचनालयातून आणलेलं कासवांवरचं पुस्तक वाचलं. किनाऱ्यावर घरटी राखणाऱ्या माणसाला गाठून शंका विचारल्या. पुढच्या रविवारी मी फोन धरायचा आणि त्यांनी बोलायचं असं ठरलं. आवाज न येणारी जागा म्हणून आम्ही मोरी निवडली. बाबा पालथ्या बादलीवर बसले, मी दाराला पाठ लावून उभी. मोरीत त्यांचा आवाज घुमून असा भारदस्त झाला, की ते स्वतःच दोनदा दचकले.

सहा वेळा बिघडलं. एकदा नळ ठिबकला, एकदा आईने खोबऱ्यासाठी मिक्सर लावला, एकदा बाबांना ‘अंडी’ म्हटल्यावर आपण नाश्ता केला नाही हे आठवलं. सातव्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं. कासवीण रात्री वाळूत कशी येते ते झालं, आईच्या आग्रहाचा अभंग झाला, शेणखताचा सल्ला झाला. बाबा पुन्हा कासवांकडे वळले तोच खिडकीखाली मासळीवालीच्या स्कूटीचा हॉर्न वाजला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, हलवा आहे का.

“हलवा न्हाय. मांदेली हाय, आताच होडीतून काढलीय,” ती ओरडून म्हणाली.

मग मांदेली मोठी की बारीक, यावर दोघींचं सविस्तर बोलणं झालं. बाबांनी डोळे मिटून घेतले, पण थांबले नाहीत. आठव्यांदा बसायची त्यांची तयारी नव्हती. ‘कासवांची पिल्लं चंद्राच्या उजेडाकडे जातात’ या वाक्याच्या पोटात मांदेली तशीच ठेवून त्यांनी ते ग्रुपवर पाठवून दिलं.

पाच मिनिटं एकही अंगठा आला नाही. मग फोन वाजायला लागले. गुरवाने विचारलं, मासळीवाली खालच्या आळीत पोचली की अजून वरच आहे. गुरुजींना मांदेलीत कोळंबी मिसळलेली होती का ते हवं होतं. शेवटी काकी स्वतःच आल्या, पायरीवर बसल्या आणि विचारू लागल्या, की अंडी घालताना कासवीण खरंच रडते का. बाबांनी सांगितलं, की ते रडणं नसतं, अंगातलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांवाटे टाकते. काकींनी आणखी चार प्रश्न विचारले. बाबा उत्तरं देत राहिले, चहा गार झाला. इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसातला मोरीतून कार्यक्रम होऊ लागला. खेकडे झाले, घारी झाल्या, गांडुळं दोन भागांत झाली. मासळीवालीला आपण पहिल्या भागात होतो हे कळलं, तेव्हा तिने खिडकीत येऊन बाबांना बजावलं, की साडेसात तिला जमत नाही, आधी दिवेआगरला जावं लागतं, तेव्हा साडेआठला बसा. बाबा संतापले. कार्यक्रम निसर्गाचा आहे, मासळीचा नाही, असं त्यांनी तिला सुनावलं.

आता कार्यक्रम साडेआठला असतो.