बाटली न देणारे सावंतकाका

सावंतकाका मोठ्या माणसांना ग्राइप वॉटर पाजायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आम्ही कंत्राटावर होतो. मी इलेक्ट्रिशियन, ते फिटर. कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण. दिवसभर उन्हात भाजून आलेला एखादा मिशाळ वेल्डर पोट धरून बसला की काका पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढत. "गॅस झालो तुका, मेल्या. गप पी." तोही निमूट आ करायचा.

डब्यात बाम, निलगिरीचं तेल, ओव्याचा अर्क, कापूर. कुडाळहून सुट्टी संपवून येताना काकांच्या बॅगेत कपडे कमी, बाटल्या जास्त. दवाखान्यात जायचं तर दिवस बुडणार, वर फोरमनचं आंबट तोंड बघायचं. त्यापेक्षा काका बरे. बाम ते स्वतःच्या हातानं चोळत. यानं खरंच बरं वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"औषध कसला रे, वास तो. घरचा कोणतरी चोळता असा वाटता, आणि झोप लागता. आपल्याक आणखी काय होया?"

तिसऱ्या वर्षी मला खोकला लागला. काकांनी अर्क दिला, छाती चोळली. महिना गेला. अंगात कसकस, शिडी चढताना धाप. एका सकाळी बेसिनमध्ये रक्त पडलं आणि मागे नेमके काका ब्रश घेऊन उभे. छातीचा फोटो निघाला की टीबी ठरणार, टीबी ठरला की घरी रवानगी. गावी आमच्या घराच्या भिंती जेमतेम खिडक्यांपर्यंत आल्या होत्या.

"काका, खोकला दाबणारी एखादी बाटली द्या हो. सहा महिने काढतो फक्त." मी अक्षरशः पाय धरले.

"ह्या माझ्या डब्यातला नाय. डाक्टराकडे जा. नाय गेलंस तर मीच फोरमनाक सांगतलंय."

मी गेलो नाही. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि सांगितलं.

पंधरवड्यात मी विमानात होतो. निघताना काका दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीतले बाकीचेही बिथरले. आज याला धाडलं, उद्या आपल्याला धाडेल म्हातारा! त्यानंतर त्या डब्याकडे कुणी फिरकलं नाही. हे मला आमच्याच खोलीतल्या दापोलीच्या इक्बालनं पुष्कळ वर्षांनी फोनवर सांगितलं.

सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या मी महिनोन्महिने घेतल्या, काकांना शिव्या घालत घेतल्या. बरा झालो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असतात तर वाचला नसतात. हळूहळू राग ओसरला, मग लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी पत्र राहून गेलं. आज लिहू, उद्या लिहू. कंटाळा येतो माणसाला स्वतःचाच.

दहाएक वर्षांनी इक्बालचा फोन आला. काका कॅम्पमध्येच गेले, झोपेत.

"माझ्यावर रागावले होते का रे?" मी विचारलं.

"छे रे! आपल्याकडचा कुणीही सुट्टीवरून आला की त्याला विचारायचे, 'तेचो खोकलो थांबलो काय रे?' कुणाला काय माहीत असणार? तरी पुढच्याला परत विचारायचे."

मी बरा झालोय, एवढंच तर कळवायचं होतं.