डायनॅमोवरचं कुंकू
पेट्रोलचा वास आला की मला मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातला आमच्या अकोल्याचा दसरा आठवतो. मोटारसायकलचा जीव डायनॅमोत असतो, असं बाबा म्हणायचे, म्हणून आईनं पूजेच्या वेळी त्याचं झाकण काढून आतल्या तांब्याच्या पट्ट्यांनाच तेलात कालवलेलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या कोर्टात निघालेले बाबा वाटेतूनच परतले. “काहून परतले तुमी?” आईनं विचारलं. इंजिन रेटलं तरी दिवा उजळत नव्हता, म्हणजे बॅटरी भरत नव्हती. बाबांनी झाकण उघडून आत पाहिलं: पट्ट्यांवर घासून वीज घेणारे कार्बनचे ब्रश शाबूत होते, पण मध्ये तेलकट कुंकवाचा थर बसला होता. “काई नाई, ब्रश झिजले,” म्हणत त्यांनी पेट्रोलच्या चिंधीनं सगळं पुसलं. मग दर दसऱ्याला आई कुंकू लावी आणि बाबा गुपचूप पुसत. आई गेली त्या वर्षी ते बाबांनीच लावलं. गाडी आता माझ्याकडे आहे. मी ते पुसलेलं नाही.