दोन कार्डांचा कॅमेरा

उझबेकिस्तानातल्या नमंगान शहरात लग्नाचे फोटो काढणारे पुरुष पैशाला पासरी मिळतात. पण लग्नाआधी नवरीच्या घरी बायकांची बझ्म असते, तिथे यांतल्या एकाचीही सावली चालत नाही. अंगणाचं दार आतून बंद होतं, डोक्यावरचे रुमाल उतरतात, डफ वाजायला लागतो आणि एरवी मान वर न करणाऱ्या सुनासुद्धा गिरक्या घेत नाचतात. तिथे सनोबरच लागायची. बारा वर्षं तिनं ती जागा राखली. तिचा हात फार कसबी होता म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर तिच्या फोटोत कुणाचं कोपर कापलेलं असायचं, कुणाचे डोळे मिटलेले. तरी बायकांना तीच हवी असायची, कारण निघताना ती सगळ्यांसमोर कॅमेऱ्यातलं कार्ड काढून नवरीच्या आईच्या तळहातावर ठेवायची. फोटो छापायचे तर त्या आईनं कार्ड घेऊन सनोबरच्या घरी यायचं, यंत्राशेजारी बसून चहा प्यायचा आणि फोटोंबरोबर कार्डही परत न्यायचं. सनोबरकडे कुणाचं काही उरत नसे.

"लाजता काय गं, नाचा," ती म्हणायची. "माझ्या कॅमेऱ्याला तोंड नाही."

मूल होत नाही म्हणून तेविसाव्या वर्षी तिला सासरहून परत पाठवलेलं. दोन वर्षांत आई गेली, मागोमाग वडील गेले, आणि घरात उरली धाकटी मुनिसा, नऊ वर्षांची, उवांनी भरलेली, हट्टी. सनोबरनं तिच्या उवा काढल्या, तिला शाळेत घातलं, पुढे नववधूंना सजवण्याचं शिक्षण घ्यायला ताश्कंदलाही पाठवलं. पोटची असती तरी यापेक्षा जास्त काही केलं नसतं. मुनिसा परत आली ती ऐटीत. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिनं आरसे लावले आणि दुकान थाटलं.

गेल्या वसंतात एका बझ्मचं कार्ड मेलं. चार तासांचं नाचगाणं आणि हाती काही नाही. सनोबर त्या नवरीच्या आईच्या दारात तीनदा गेली आणि तिन्ही वेळा रडली. जुना कॅमेरा आता बदलायलाच हवा होता. कुठला घ्यायचा हे मात्र तिला कळेना. मुनिसानं तीन आठवडे फोनमध्ये डोकं घातलं, कुठल्या कॅमेऱ्याला काय जमतं याची घोकंपट्टी केली आणि एका सकाळी ओपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, बोतिरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात नेलं.

बोतिरनं एक छोटा कॅमेरा पुढे केला. "हा ने, ओपा. हलका, आवाज नाही, कमी उजेडातही चेहरा नीट येतो. तुझ्या कामाला आणखी काय लागतं?"

सनोबरला तो हातात घेताक्षणी आवडला. मोठं भिंग रोखलं की बायका आखडतात, हे तिला बारा वर्षांनी शिकवलं होतं. पण मुनिसानं तो तिच्या हातातून घेतला, उलटा केला आणि झाकण उघडलं.

"यात एकच कार्ड बसतं."

"मग?" बोतिर हसला. "मला तरी कुठं दोन पोटं आहेत? एकातच मावतं सगळं."

"दिसतंय ते. तुम्ही विकायचं काम करा, अका, आम्हाला शिकवू नका." मग ती सनोबरकडे वळली आणि तिचा आवाज मऊ झाला. "ओपा, परत कार्ड मेलं तर? परत कुणाच्या दारात रडत उभी राहणार आहेस? मला नाही बघवत तुझं ते."

आपली काळजी करणारं या जगात कुणीतरी आहे, याच सुखात सनोबरनं दीडपट किमतीचा, दोन कार्डांचा, विटेएवढा जड कॅमेरा घेतला.

घरी मुनिसानं सगळी बटणं लावून दिली. "दुसऱ्या खाचेत मी कार्ड घालून ठेवलंय. पहिलं भरलं, तरच ते चालू होतं. त्याला हात लावू नकोस."

"म्हणजे ते रिकामंच?"

"रिकामंच. तुझं पहिलं कधी भरतंय!"

उन्हाळ्यात अकरा बझ्मा झाल्या. फोटो खरोखर सुरेख आले, कोपरं कापली जाईनात. सनोबर घरी आली की मुनिसा तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घ्यायची, बॅटरी लावायची, भिंग पुसायची. पोर शहाणी झाली, असं सनोबर शेजारणीला कौतुकानं सांगायची. मुनिसाच्या दुकानातही गर्दी वाढली. लग्नाच्या मुलांच्या आया तिथे तासन्‌तास चहा पीत बसायच्या. त्यांच्या पिकल्या केसांना एवढी कसली सजावट लागते, हा प्रश्न सनोबरला एकदाही पडला नाही.

शरदात हनिफा खाला आल्या. त्यांच्या थोरलीची बझ्म जूनमध्ये झाली होती. त्या बसल्या नाहीत, चहाला हात लावला नाही. नुसता फोन सनोबरच्या डोळ्यांसमोर धरला. फोनवर त्यांची धाकटी गुलरुख होती, केस मोकळे, हात वर, तोंडभर हसू.

"हा फोटो हिच्या ठरलेल्या मुलाच्या मामाच्या फोनवर पोहोचला. काल त्यांनी सोयरीक मोडली," हनिफा खाला म्हणाल्या. "आणि माझं कार्ड माझ्या पेटीत आहे, सनोबर. कापडात गुंडाळून, कुलपात. मग हे बाहेर कसं आलं?"

"खाला, अल्लाची शपथ, माझ्याकडे काही नसतं. तुमच्या हातावर तर ठेवलं होतं मी."

"म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याला आता तोंड फुटलं म्हणायचं."

त्या गेल्यावर सनोबरनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि कधी हात न लावलेलं दुसरं कार्ड यंत्रात घातलं. अकराच्या अकरा बझ्मा त्यात होत्या. आधी तिला वाटलं, कॅमेराच बिघडला असेल. मग तिनं चष्मा लावून कॅमेऱ्यातली एकेक खूण वाचली. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरत होता. हे आपोआप होत नाही, कुणीतरी तसं लावून द्यावं लागतं. कॅमेरा तसाच उघडा टाकून ती रस्त्याकडच्या खोलीत गेली.

मुनिसा दुकानात कुंचले धूत होती. तिनं खोटं बोलण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"मुलांच्या आया विचारतात, ओपा. रुमालाखाली पोरीचे केस कसे आहेत, चाल कशी आहे, सगळ्यांना बघायचं असतं. मी दाखवते. तीन लग्नं जमलीत माझ्यामुळे!"

"आणि त्या तुला काय देतात?"

"देतात काहीबाही. कापड, भेटवस्तू."

"गुलरुखचं मोडलं."

"एकीनं फारच गळ घातली म्हणून मी तो फोटो पाठवला. तिनं पुढे पाठवला, त्याला मी काय करू?"

सनोबरला फक्त एकच विचारायचं होतं. "तो कॅमेरा तू ह्यासाठीच घ्यायला लावलास?"

मुनिसानं कुंचला पुसला, नीट ठेवला, दुसरा उचलला. "तुझ्याही कामाचा होताच की."

सनोबरला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्या मेलेल्या कार्डापायी ती ढसाढसा रडली होती आणि पोरीनं तेच रडणं दुकानात तिच्यापुढे मांडून तिला गुंडाळलं होतं. चोरी कुणीही करतं. ही तर तिच्याच हातानं करवून घेतलेली चोरी होती, आणि ती करताना ती पोरीला शहाणी म्हणत होती.

ती हनिफा खालांकडे निघालीच होती. तेव्हा मुनिसानं तिला खाली बसवून तिच्या मांडीवर डोकं टाकलं. महिन्यावर तिचं स्वतःचं लग्न आलेलं. "आत्ता बोललीस तर माझंही मोडेल, ओपा. लग्न होऊ दे. मग मी माझ्या पायांनी जाऊन सगळं सांगेन." ही तीच उवांची पोर, तेच डोकं. सनोबरनं तोंड मिटलं. कार्ड तेवढं कात्रीनं कापून चुलीत टाकलं.

त्या महिन्यात तिच्या हातातली तिन्ही कामं गेली. ज्या आयांनी दुकानात बसून फोटो पाहिले होते, त्यांनी आपलं नाव नको म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. तंदूरवालीनं तिच्याशी बोलणं टाकलं, समोरून येणाऱ्या बायका गल्ली बदलू लागल्या. "लोकांच्या पोरी दाखवायची चटक लागली असेल, घरी नवरा-मूल नाही ना," असं एक जण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. सनोबरनं तेही गिळलं. महिनाभराचा तर प्रश्न होता.

मुनिसाची बझ्म शनिवारी दुपारी त्यांच्याच अंगणात झाली. चाळीसेक बायका आल्या. पोरीचा काय दोष, म्हणून हनिफा खालाही आल्या. सामोसे फिरले, खरबुजं कापली गेली, डफ सुरू झाला. पण एकीनंही रुमाल सोडला नाही. सगळ्या सनोबरच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. निदान आपल्या पोरीचे फोटो तरी आपण काढू, एवढीच तिची इच्छा होती. तिनं मुनिसाकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. अर्धासुद्धा पुरला असता.

मुनिसा जरीच्या झग्यात सावकाश उठली, बहिणीजवळ आली आणि हळुवार हातांनी तिच्या गळ्यातला पट्टा काढला.

"ओपा, रागावू नकोस हं. बायकांना भीती वाटते. हा आत पेटीत ठेवून ये, आणि घटकाभर आतच बस ना." हे तिनं सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं.

"गुणी आहे पोर," हनिफा खाला म्हणाल्या. "तिला बिचारीला काय ठाऊक, बहिणीचे धंदे!"

नवरीनं मान खाली घातली. नवरीनं तशीच घालायची असते. सनोबर थांबली. डफवालीनंही हात थांबवला होता. मुनिसानं मान वर केली नाही.

सनोबर कॅमेरा घेऊन आत गेली. मागून दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मुनिसाचा, लाडिक, मोकळा.

"काढा गं आता रुमाल. आता आपलीच माणसं आहेत."