लांब जायचा माल

मुक्ताईनगरला आमच्या गल्लीत राहणारा तो केळीच्या घडांची पारख करतो. कधी बसत नाही, दारातूनच बोलतो आणि बोलता बोलता हाताशी येईल ते अंगठ्यानं दाबून बघतो. त्यानं दाबलेला पाव मी खात नाही.

त्या दिवशी घरात वहिनींच्या आजारावर चर्चा चालली होती. परदेशात उपचार होऊ शकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आबांचं मत पडलं, "आधी इथले सगळे इलाज करू. काहीच उरलं नाही, तर मग तिकडे."

तो दारातून म्हणाला, "आबा, लांब जायाचा माल आपन हिरवा असतानाच कापतो ना? पिकायची वाट पाह्यली तं वाटेतच सडतो."

मग त्यानं आमच्या डोक्यांवरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "वहिनी, तुमाले जायाचं हाये का?"

हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

"हो," आतून लगेच आवाज आला, जणू वहिनी उत्तर घेऊनच दाराआड उभ्या होत्या.

काल तिकडच्या दवाखान्यातून फोटो आला. वहिनी पलंगावर उठून बसल्या होत्या. मी त्याला मोबाईल दाखवला. सवयीनं त्याचा अंगठा पुढे आला, थांबला, मागे गेला. मग तो पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर बसला.